अंगाला सोसेल तोच दागिना



भातलावणी सुरू झाली की आपल्या कर्जत-खालापूरकडे आयाबाया दिवसभर चिखलात वाकून राबतात. वरून पाऊस, आतून घाम. अशा वेळी गळ्याला, कानाला, घोट्याला पुरळ उठते आणि खाजवून खाजवून पाणी येते. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं नायटा. पण पुरळ नेमकी दागिन्याखालीच असेल, तर आधी दागिना तपासा.

पुष्कळदा यामागे निकेल नावाचा धातू असतो. गिलिटाच्या दागिन्यावर सोन्याचा पातळ मुलामा आणि आत दुसराच धातू असतो. त्यात बरेचदा निकेल असते. मुलामा झिजला की घामाने ते सुटते आणि कातडीत मुरते. सगळ्यांनाच ते बाधत नाही. पण एकदा बाधू लागले की सहसा जन्मभर बाधते. "घालून घालून सवय होईल" असे समजू नका. युरोपातल्या देशांनी तर १९९४ साली कायदा करून दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली.

ओळखायचे कसे? मंगळसूत्राच्या फाशाखाली, कुड्यांच्या फिरकीमागे किंवा पैंजणाखाली चट्टा उठतो. पुरुषांना घड्याळाखाली किंवा पट्ट्याच्या बकलापाशी, बेंबीखाली उठतो. खाज एक-दोन दिवसांनी सुटते, म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही. मात्र पायाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून चिरली असेल, तर त्या चिखल्या. त्यांचे औषध वेगळे.

खरेदी करताना एवढे पाहा:

१. सोने २२ कॅरटचे, ९१६ छापाचे घ्या. त्यात सहसा तांबे-चांदीची भेसळ असते. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते, तेव्हा विचारून घ्या. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला छाप सक्तीचा नाही. तिथे कॅरट लिहिलेली पक्की पावती मागा.

२. जोडवी-पैंजण ९२५ छापाच्या चांदीचे घ्या. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी मुळीच नसते; तांबे, जस्त आणि निकेल असते. आपली जर्मनची पातेली ॲल्युमिनियमची, ती गोष्ट निराळी.

३. काचेच्या बांगड्या आणि दोऱ्यात ओवलेले काळे मणी निर्धास्त वापरा.

४. मुलीचे कान टोचताना गिलिटाची तार घालू नका. ताज्या जखमेतून निकेल आत शिरते आणि पुष्कळदा तिथूनच हे दुखणे जडते. सोन्याची बारीक तार घालायची आपली जुनी रीत चांगली आहे.

पुरळ उठलीच तर दागिना लगेच काढा. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. नायट्याचे मलम आपल्या मनाने आणून चोळू नका. पू झाला, सूज आली किंवा आठवड्याभरात उतार पडला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तो दागिनाही सोबत न्या. लावणीला जाताना मात्र गिलिटाचे दागिने घरीच ठेवलेले बरे.

भात विकून लग्नसराईची खरेदी कराल, तेव्हा चकचकीत चार डागांपेक्षा खरा एकच डाग घ्या. पैसा घामाचा आहे, आणि कातडीही आपलीच आहे.