पटाला भेद ठाऊक नाही

(रत्नागिरी येथे शालेय बुद्धिबळ स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



लोकमान्यांच्या या जन्मगावी त्यांच्या एका सहकाऱ्याच्या पणतीचे स्मरण करून देण्यासाठी मी उभा आहे. ‘केसरी’त लोकमान्यांना साथ देणारे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपण जाणताच. त्यांचे नातू, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्यांनी बुद्धिबळाचा पट गाजवला. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिले विजेतेपद वासंतीताईंनी मिळवले. रोहिणीताईंनी पुढे ते पाच वेळा जिंकले. १९८१ मध्ये हैदराबाद येथे अपराजित राहून त्या आशियाई विजेत्या ठरल्या आणि १९८३ मध्ये पुन्हा तोच मान त्यांनी मिळवला. अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

परंतु माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा विजय या यादीत नाही. १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या १३ व्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावरून वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही. रोहिणीताई खेळल्या आणि त्यांनी तीन राज्यांच्या विजेत्यांना पराभूत केले. वादाला याहून चोख उत्तर ते कोणते?

ही वाट पुढे ओस पडली नाही. सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनीही पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२५ मध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली.

पालकहो, आज येथे बक्षिसे घेणाऱ्यांत मुलीही आहेत. आपल्या घरांत मात्र दहावीचे वर्ष आले की मुलीचा पट माळ्यावर जातो आणि मुलाचा पुष्कळदा टेबलावरच राहतो. प्यादे मुलाने पुढे सरकवले की मुलीने, हे पटाला ठाऊक नसते. हा भेद आपण करतो. तो न्यायालयाने नव्हे, आपणच मोडायचा आहे. आज घरी जाल, तेव्हा तो पट माळ्यावरून खाली काढा, एवढीच विनंती.