वीज जाते, यूपीएस असते, तरीही संगणक बंद पडतो

यूपीएस, म्हणजे वीज खंडित होताच बॅटरीतील साठ्यावर संगणक चालू ठेवणारे यंत्र, ऐन वेळी दगा देऊ लागले की सर्वसाधारण ग्राहक यंत्रच बिघडले असे समजून दुरुस्तीची किंवा नव्या खरेदीची भाषा करू लागतो. वास्तविक तीन-चार वर्षे वापरलेल्या यूपीएसच्या बाबतीत संशयाचा पहिला मान बॅटरीकडे जातो. घरगुती वापराच्या ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते. ती दीर्घकाळ अर्धवट चार्ज झालेल्या अवस्थेत राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात, उष्णतेमुळे आतील पाणी हळूहळू आटते, आणि या दोहोंमुळे अंतर्गत रोध, म्हणजे विद्युतप्रवाहाला बॅटरीच्या आतच होणारा अडथळा, वाढत जातो.

मल्टिमीटरने केलेली मोजणी नेमकी येथेच फसवते. काही न जोडलेल्या जुन्या बॅटरीवरही साडेबारा व्होल्टचा समाधानकारक आकडा दिसू शकतो. मात्र संगणकाचा भार पडताच वाढलेल्या रोधामुळे हाच आकडा काही सेकंदांत साडेदहाच्या आसपास घसरतो आणि बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून यूपीएस स्वतःच बंद होते. त्यामुळे खरी परीक्षा भार देऊनच घ्यावी लागते. यूपीएस रात्रभर चार्ज करून त्याला संगणकाऐवजी जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० वॅटचा दिवा जोडावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपसू नये, कारण त्याबरोबर अर्थिंगही, म्हणजे गळती झालेली वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणारी जोडणीही, तुटते. निरोगी बॅटरीवर हा दिवा वीस मिनिटे तरी सहज टिकतो. दोन मिनिटांत तो विझला, किंवा बॅटरीचे पोट फुगलेले आढळले, तर पुढे तपासण्यासारखे फारसे उरत नाही.

बॅटरी उत्तम असूनही तक्रार कायम राहिली तर भार पाहावा. व्हीए हे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराचे माप असून प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती वॅटमध्ये मोजतात; ६०० व्हीएचे यंत्र बहुधा ३६० वॅटच पेलते, जरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत पहिलाच आकडा छापलेला असला तरी. शाईची भुकटी कागदावर वितळवण्यासाठी आतली पट्टी तापवणारा लेझर प्रिंटर तर अशा यूपीएसला जोडूच नये.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे यूपीएस चालूच राहते, पण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंदांचा खंड पाडते आणि नंतर वळणदार साइन तरंगाऐवजी पायऱ्यापायऱ्यांचा तरंग देते. संगणकातील काही आधुनिक पॉवर सप्लायना, विशेषतः घेतलेल्या विजेचा आकार सुधारणारे मंडल असलेल्यांना, तो मानवत नाही. तेथे बॅटरी बदलून पैसेच वाया जातात. शुद्ध साइन तरंग देणारे यंत्र घ्यावे लागते.

ग्रामीण भागात संध्याकाळी व्होल्टेज खूप उतरत असेल, तर वीज असतानाही यूपीएस वारंवार बॅटरीवर जाते आणि ती पुरती चार्ज होतच नाही. अशा ठिकाणी नवी बॅटरीही लवकर निकामी होते. दोन बॅटऱ्यांच्या यंत्रात एकच बदलणे हीही अशीच खोटी काटकसर होय, कारण जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर ओढते. काढलेली बॅटरी केराच्या डब्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. भारतातील २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे.