चाळिशीनंतर वाचनाची तपासणी



मी विजेच्या फिटिंगची कामं घेतो. इमारतीचा नकाशा समोर आला, की कुठली लाइन कुठून न्यायची ते मला लगेच दिसतं. पण गिऱ्हाइकाचं दोन पानी पत्र वाचायला अर्धा तास लागतो. एस्टिमेट गेली अनेक वर्षं पत्नीच लिहिते. शाळेत उभं राहून धडा वाचताना माझी ओळ सुटायची आणि वर्ग हसायचा. ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात ठरलेला. मीही तो खरा धरून चाललो.

मग मुलगी तिसरीत असताना तिला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?’ ही अडचण पुष्कळदा घराण्यातून येते. मी काही बोललो नाही. पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. माझी तपासणी झाली तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो.

दोन सकाळी गेल्या. आधी डोळे आणि कान तपासून यायला सांगितलं, कारण दोष तिथे नाही ना, हे आधी बघावं लागतं. मग बोलणं: मी कधी बोलायला लागलो, शाळा किंवा माध्यम बदललं का, झोप कशी, चिंता किती. मग बुद्धिमापन. ठोकळे जुळवण्यात मी पटापट पुढे गेलो; आकडे ऐकून उलटे सांगताना अडखळलो.

त्यानंतर एक कागद समोर आला. त्यावरच्या शब्दांना अर्थच नव्हता. ‘टमोळ’, ‘भिरसूक’, ‘ग्लापत’ अशासारखे. (हे मी आत्ता बनवलेत, चाचणीतले शब्द बाहेर सांगायचे नसतात.) ओळखीचा शब्द डोळ्यांना सवयीचा असतो, मागचापुढचा अंदाज बांधून निभावतं. मी जन्मभर तसाच निभावत आलो होतो. अर्थ नसलेल्या शब्दापुढे अंदाज चालत नाही, अक्षराला आवाज जोडावाच लागतो. ‘भि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडानं नंतर उच्चारायची असते. मी तिथे थांबलो. घड्याळ चालू होतं. कितीतरी वर्षांनी मला घाम फुटला, पण या वेळी हसणारं कुणी नव्हतं.

मराठी बहुतांशी लिहिली जाते तशीच वाचली जाते. म्हणून आपल्याकडच्या मोठ्या माणसाची अडचण चुकांपेक्षा वेगात जास्त दिसते. नुसत्या चुका मोजल्या असत्या तर मी पास झालो असतो. ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळांचं चुकतं, त्यावरून निदान होत नाही. इंटरनेटवरच्या दहा मिनिटांच्या प्रश्नावलीनं शंका येते, निदान तिथेही होत नाही.

या तपासणीआधी एका रुग्णालयातून मला ‘हे लहान मुलांचं आहे’ म्हणून परत पाठवलं होतं. त्यामागे कारण आहे. १९९५च्या अपंगत्व कायद्यात अध्ययन अक्षमता, जिच्यात डिस्लेक्सिया मोडतो, नव्हतीच. ती २०१६च्या कायद्यात आली. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राचे टप्पे ठरवले ते ८, १४ आणि १८ वर्षांचे, आणि आपल्याकडे रुळलेल्या चाचण्याही शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या. ज्याच्या लहानपणी हा कायदाच नव्हता, त्यानं काय करायचं? १८ वर्षं पूर्ण झाली म्हणून वाचन सुधारत नाही. मोठ्यांसाठी मराठीतल्या चाचण्या हव्यात, सरकारी रुग्णालयात त्यांची सोय हवी. ही मागणी मी इथून जाहीरपणे करतो.

तोवर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. मोठ्या माणसांची तपासणी केली आहे का आणि ज्या भाषेत शाळा झाली त्या भाषेत करणार का, हेही विचारा. खासगी अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीतल्या आरक्षणाला सरकारी प्रमाणपत्रच लागतं, तेही किमान ४० टक्क्यांचं.

अहवालानं माझा वाचनाचा वेग वाढला नाही. पण आता पत्र मला फोन वाचून दाखवतो, आणि गिऱ्हाइकाला मी सरळ सांगतो, ‘मला वाचायला वेळ लागतो, तोंडी सांगा.’ हे सांगायला मी आधी कधी धजलो नव्हतो.

तपासणीला जाल तेव्हा जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. आणि आई-वडील हयात असतील तर आज घरी गेल्यावर त्यांना विचारा, तुम्ही बोलायला कधी लागलात, अक्षरं कशी शिकलात. माझी आई तपासणीच्या आधीच्या वर्षी गेली. त्या रकान्यात माझ्या अहवालात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं आहे.