एका तासाची सायकल

सायकलच्या खेळात एक विक्रम फार जुना आहे आणि समजायला सगळ्यात सोपा आहे. गोल धावपट्टीवर एकट्यानं सायकल चालवायची, बरोबर एक तास. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. तास संपला की किती अंतर कापलं ते मोजायचं. 11 मे 1893 रोजी पॅरिसमध्ये आंरी देग्रांज नावाच्या तरुणानं असे 35 किलोमीटर 325 मीटर कापले. याच गृहस्थानं पुढे वर्तमानपत्राचा संपादक झाल्यावर 1903 साली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. बेल्जियमच्या एडी मर्क्सनं 1972 साली मेक्सिको सिटीत 49 किलोमीटर 431 मीटरची मजल मारली. तिथंच 1984 साली इटलीचा फ्रान्सेस्को मोझर 51 किलोमीटर 151 मीटरपर्यंत पोहोचला आणि त्यानंतर नऊ वर्षं त्या आकड्याला कोणी हात लावू शकलं नाही.

यात अवघड काय, असं वाटेल. अवघड आहे ती हवा. सपाटीवर पन्नासच्या वेगानं जाताना सायकलस्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात खर्च होते. त्यात हिशोब असा वाईट, की वेग दुप्पट करायचा म्हटलं तर हवेशी झुंजायला ताकद आठपट लागते. आणि वारा अडवण्यात सायकलीपेक्षा वर बसलेल्या माणसाच्या शरीराचाच वाटा मोठा असतो. सायकल कितीही हलकी, कितीही महाग घ्या. छाती वाऱ्याला दिलेली असेल तर पैसे वाया.

हे ज्याला नीट कळलं तो माणूस म्हणजे स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. जन्म 1965. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रस्त्यावर घड्याळाविरुद्ध सायकल चालवायची जुनी रीत आहे, तिला टाइम ट्रायल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना विरोध होऊ लागला. तेव्हा हौशी मंडळींनी युक्ती काढली. पहाटे, अंगभर काळे कपडे घालून, एकेकानं मिनिटामिनिटाच्या अंतरानं निघायचं. बघणाऱ्याला वाटावं, कोणी आपल्या कामाला चाललाय. कुठल्या रस्त्यावरून जायचं ते सांकेतिक खुणांनी कळवायचं. ही चोरटी शर्यत पुढे राजमान्य झाली, पण तिची पहाट आणि तिचा एकटेपणा तसाच राहिला. ओब्री याच परंपरेतला. पहिल्या दहा मैलांच्या टाइम ट्रायलला हा पोरगा अर्धी चड्डी, वाऱ्याचं जाकीट आणि जाडजूड बूट घालून गेला होता. निघालो त्या जागी परत आलो म्हणजे शर्यत संपली, असं समजून तो थांबला आणि कपडे बदलायला लागला. पंचांनी सांगितलं, बाबा, अजून बाकी आहे. तरीही त्याचा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास आला.

त्याच्याकडे पैसे नव्हते. सायकलचं दुकान काढलं होतं, तेही बुडालं. पण डोकं होतं आणि वेल्डिंग येत होतं. त्यानं हात पुढे ताणण्याऐवजी छातीखाली दुमडून घेतले, बर्फावरून घसरणारे खेळाडू घेतात तसे. हॅन्डल सरळ आणि आखूड, छातीला जवळजवळ टेकलेलं. खांदे पुढे, डोकं खाली. माणूस सायकलवर बसलाय की पालथा पडलाय ते कळू नये. लोक हसले. मग वेळा बघून हसायचे थांबले.

अशा बसण्याला बाजारात सायकल नव्हती, म्हणून त्यानं ती स्वतः घडवली. नाव ठेवलं ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे जुनी इमानी. मधली दांडी त्यात नाहीच, कारण गुडघे आत ओढून पायडल मारताना ते दांडीला लागायचे. दोन पायांत अंतर एका केळ्याएवढंच हवं, असं त्याचं माप! त्यासाठी पायडलची मधली धुरा अरुंद पाहिजे, आणि तिथं त्यानं बसवली कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रातली बेअरिंग. तर्क सरळ होता : यंत्रात ती मिनिटाला बाराशे फेरे सहज फिरते, तर माझ्या पायांनी तिला काय होणार? पुढे जगभरच्या वार्ताहरांनी या बेअरिंगचं इतकं कौतुक केलं की ओब्रीलाच त्याचा कंटाळा आला.

मला ही गोष्ट 1993 साली इंग्रजी पेपरातल्या एका बारक्या बातमीतून कळली. आमचं घर सायकलवरच चाललेलं. बार्शीला अब्बांचं सायकलचं दुकान होतं. तासावर भाड्यानं सायकली, पंक्चर, आऊट काढणं आणि दिवाळीच्या सुमारास ओव्हरऑइलिंग. भाड्याच्या सायकलींच्या मडगार्डवर नंबर आणि वहीत नंबरापुढे वेळ. बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. आमच्या घरी तेव्हा कपडे धुण्याचं यंत्र नव्हतं, गल्लीतही कोणाकडे नव्हतं. त्यांनी जागतिक विक्रमाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “बेअरिंग कोणत्या नंबराचं बसवलं?” ते बातमीत नव्हतं. अब्बांना पेपरवाल्यांचा रागच आला.

त्यांनाही सायकली माणसाच्या मापानं बदलायची खोड होती. दूधवाल्याच्या सायकलला जाड तारा आणि किटल्या अडकवायला लोखंडी हूक. एका गिऱ्हाइकाचा एक पाय दुसऱ्याहून आखूड होता. अब्बांनी त्याच्या एका पायडलवर बाभळीचा ठोकळा बसवून दिला, आणि तो माणूस वर्षानुवर्षं त्या सायकलवर कामाला जात होता. दुसऱ्या कोणी ती सायकल घेतली तर चार पावलंही नीट चालवता यायची नाही. ओब्रीची सायकल मला कळते ती या ठोकळ्यामुळे.

तर 16 जुलै 1993. नॉर्वेमधलं हामार गाव. ओब्री विक्रमाला उतरला, पण ओल्ड फेथफुलवर नाही. माइक बरोज या नामवंत कारागिरानं तिच्यावरून कार्बनची देखणी प्रतिकृती बनवली होती, तिच्यावर. जवळजवळ एक किलोमीटरनं तो कमी पडला. धावपट्टी चोवीस तासांसाठी घेतलेली होती. ओब्री म्हणाला, उद्या सकाळी पुन्हा. असा प्रयत्न केल्यावर माणसाला दिवसच्या दिवस विश्रांती लागते. पाय लाकूड होतात. यानं काय करावं? झोपण्यापूर्वी भरपूर पाणी प्यायला. म्हणजे रात्रभर लघवीला उठावं लागेल, आणि प्रत्येक वेळी उठल्यावर पायांना ताण देता येईल. सकाळी नऊच्या सुमारास त्यानं आपली जुनी इमानी काढली आणि तासात 51 किलोमीटर 596 मीटर कापले. मोझरपेक्षा 445 मीटर जास्त.

हा आनंद सहा दिवस टिकला. 23 जुलैला बोर्दोमध्ये ख्रिस बोर्डमननं 52 किलोमीटर 270 मीटर केले. बोर्डमनही तेव्हा हौशीच, मूळचा सुतारकाम करणारा. पण त्याच्यामागे शास्त्रज्ञ, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या आणि काटेकोर आकडे. ऑगस्टमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या उपांत्य फेरीत हे दोघे हामारलाच समोरासमोर आले. ओब्रीनं बोर्डमनला हरवलं आणि पुढे जगज्जेतेपदही घेतलं. गंमत पुढेच आहे. जानेवारी 1994 मध्ये बेचाळीस वर्षांचा मोझर पुन्हा मेक्सिकोत आला, ओब्रीसारखे हात दुमडून बसला, आणि दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच विक्रमापुढे गेला. एप्रिलमध्ये ओब्रीनं 52 किलोमीटर 713 मीटर करून विक्रम परत मिळवला.

आणि मग नियम आला. ऑगस्ट 1994, सिसिलीतलं पालेर्मो, पुन्हा जागतिक अजिंक्यपद. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं हात दुमडून बसण्यावर बंदी घातल्याचं ओब्रीला त्याच्या शर्यतीच्या तासभर आधी कळलं. तो त्याच पद्धतीनं चालवायला उतरला आणि बाद ठरला.

मी वृत्तात लिहिणारा माणूस आहे, नियमाचा मला राग नाही. मात्रा मोजतो, आणि मोजल्यानं ओळ कधी कधी सुधारते. सायकल कशाला म्हणायचं, याला कुठंतरी कुंपण हवं हेही मान्य. नाहीतर उद्या कोणी चाकावर बंद डबा घेऊन येईल. पण ज्याच्या एकट्याच्या बसण्यावरून नियम बनला, त्याला तो शर्यतीच्या तासभर आधी समजावा? त्या एका वर्षात स्पेनच्या मिगेल इंदुराइननं खास बनवलेल्या कार्बनच्या सायकलवर विक्रम केला, त्याला कोणी अडवलं नाही. ती सायकल दिसायला विज्ञानासारखी होती, ओब्रीची भंगारासारखी.

ओब्री गप्प बसला नाही. त्यानं नवं बसणं काढलं : दोन्ही हात समोर पूर्ण ताणलेले, सिनेमातल्या सुपरमॅनसारखे. ते तेव्हाच्या नियमात बसत होतं. त्यावर 1995 साली बोगोटात तो पुन्हा जगज्जेता झाला. मग सगळ्यांनीच हात ताणले. बोर्डमननं 1996 साली याच पद्धतीनं 56 किलोमीटर 375 मीटर केले, आणि त्यानंतर तीही पद्धत बंद झाली. सन 2000 मध्ये संघटनेनं तर घड्याळच मागे फिरवलं. मर्क्सनंतरचे सगळे आकडे विक्रमाच्या वहीतून काढून ‘सर्वोत्तम मानवी प्रयत्न’ अशा वेगळ्या रकान्यात ठेवले. आता म्हणे मर्क्सच्या काळची साधी सायकल हाच खरा विक्रम. पण मर्क्सची सायकल साधी होती कुठे? कोल्नागोनं ती खास बनवलेली, वजन पावणेसहा किलो, हलकी व्हावी म्हणून चेनलासुद्धा भोकं पाडलेली. असो. त्या जुन्या घाटाच्या सायकलवर बोर्डमननं 2000 साली 49 किलोमीटर 441 मीटर केले. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त! अठ्ठावीस वर्षांत माणूस तासाला दहा मीटर पुढे गेला. बाकीचे सात किलोमीटर कुणाचे, ते आपण समजून घ्यावं. 2014 मध्ये संघटनेनं हा नियमही बदलला आणि धावपट्टीवर चालणाऱ्या आधुनिक सायकलींना परवानगी दिली. 2022 मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्नानं 56 किलोमीटर 792 मीटर केले.

या सगळ्यात ओब्रीचं काय झालं? 1994 मध्ये त्याचा भाऊ मोटार अपघातात गेला. एका व्यावसायिक संघानं त्याला घेतलं, पण ते लगेच फिसकटलं. उत्तेजक द्रव्यं घ्यायला आपण तयार नव्हतो, असं तो सांगतो. लहानपणापासूनचं नैराश्य होतंच. जीव द्यायचे प्रयत्नही झाले. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं ते बऱ्याच उशिरा. आत्मचरित्रात त्यानं हे सगळं सरळ लिहिलंय, आणि आपण पुरुषावर प्रेम करणारा माणूस आहोत हेही पुढे जाहीरपणे सांगितलं. मुलाखतीत तो बोलतो तेव्हा स्वतःची कीव करत नाही. बेअरिंगचा विषय निघाला की मात्र जरा वैतागतो.

2013 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात गेला. तिथं दरवर्षी माणसाच्या ताकदीवर चालणारी, कवच घातलेली वाहनं पळवतात आणि बसायच्या पद्धतीवर कोणाचंही बंधन नसतं. ओब्री पालथा झोपून, डोकं पुढे, तोंड रस्त्यापासून वीतभर अंतरावर ठेवून गेला आणि त्यानं ताशी 91 किलोमीटर गाठले. पालथं झोपून चालवण्यातला तो जागतिक विक्रम ठरला. ते यंत्र त्यानं आपल्या घरी, स्वयंपाकघरातच बनवलं होतं. काही भाग जुन्या रोलर स्केटचे होते, आणि काही एका पातेल्याचे.