ट्राम गेली, गर्दी राहिली

नगर जिल्ह्यांतून पोटासाठीं मुंबईस गेलेल्या माणसाला ट्राम ही मोठीच सोय होती. ९ मे १८७४ रोजीं ती घोड्यांच्या बळावर सुरू झाली, १९०७ सालीं विजेवर धांवूं लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली. ती मोटारींची वाट अडविते, हा तिच्यावरील मुख्य आरोप. ट्राम गेली, गर्दी मात्र वाढतच राहिली! फ्रान्समधील नांत शहरानेंहि १९५८ सालीं ट्राम मोडली. पण १९८५ सालीं ती पुन्हां सुरू केली. मुंबईनेंहि २०१४ सालीं रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रोचे रूळ नेले. तेव्हां जुनी सोय मोडण्यापूर्वीं तिच्यावर किती गरिबांचा प्रवास अवलंबून आहे, हें पाहावयास नको काय?