हिवाळ्याची भाजी उन्हाळ्यात

(मंडळाच्या ज्येष्ठ महिन्यातील मासिक सभेत दिलेले भाषण)



बाहेर ४३ अंशांचा ताप आहे, सभागृहातील कूलर आपल्या शक्तीप्रमाणे झगडत आहे, आणि अशा दुपारी मी आपणांस फुलकोबी, मुळा आणि गाजर यांविषयी सांगणार आहे. कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांनाही हसू आले होते. परंतु दिल्लीत ज्याला मार्गशीर्षात परसातली भाजी खावयाची आहे त्याने ज्येष्ठात कामाला लागले पाहिजे, हे मी बरीच वर्षे चुकून शिकलो आहे. मी कृषितज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. आयुष्य फायलींत गेले. आपल्या हाती आहे ती केवळ परसातील अनुभवाची शिदोरी.

१९९९ साली माझी दिल्लीस बदली झाली आणि तळमजल्याचे सरकारी घर मिळाले. मागे परसू होते. पुढच्याच वर्षी आई गेली आणि वडील वाई तालुक्यातील घर बंद करून आमच्याकडे राहावयास आले. हयात काळ्या जमिनीत घालविलेला माणूस. दिल्लीत त्यांना ना कोणी ओळखीचे, ना भाषा. सकाळी वर्तमानपत्र, नंतर दिवसभर खिडकी. मी कचेरीतून परतलो की ते विचारीत, "आज पाऊस कुठवर आला?" त्यांना परसू दाखवून म्हटले, अण्णा, हे आता आपले.

त्यांनी मृग नक्षत्राची वाट पाहिली. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो. आपल्याकडे आभाळ भरून येते, मातीचा वास सुटतो. येथे त्या दिवशी लू वाहत होती. पेरलेले बी चार दिवसांत भाजून निघाले. दिल्लीला मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख आहे २७ जून, म्हणजे मृग कोरडाच जातो आणि आर्द्रा सुरू झाल्यावर आशा धरावयाची. परतीचेही तसेच. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस येथून निघून जातो आणि पुढे थंडी जी येते ती आपल्या गुलाबी थंडीसारखी पाहुणी नसते. जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. साताऱ्याचे पंचांग येथे लागू पडत नाही, ही गोष्ट अण्णांच्या मनाला फार लागली. सारे आयुष्य ज्या ज्ञानावर काढले ते चारशे कोसांवर निरुपयोगी ठरले, असे त्यांना वाटले असावे. ते काही बोलले नाहीत. खुरपे धुऊन कोपऱ्यात ठेवले.

त्याच वर्षी माझीही फजिती झाली. बाजारातून 'फुलकोबी' एवढेच लिहिलेली बियाण्याची पुडी आणली आणि सप्टेंबर संपताना रोप टाकले. डिसेंबरात गड्डे धरले ते लिंबाएवढे. अण्णा म्हणाले, "ही कोबी नव्हे, सदऱ्याची बटणे आहेत." गंमत अशी की शास्त्रातही या दोषाला बटणावरूनच नाव पडले आहे, हे मला पुढे कळले.

कारण समजून घेण्याजोगे आहे. फुलकोबी मूळची थंड हवेची. १८२२ साली ती सहारनपूरच्या कंपनी बागेत प्रथम आली असे सांगतात. पुढे येथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे बी धरून उष्णता सोसणारी देशी फुलकोबी घडविली. त्यामुळे आज हिचे गट पडतात ते तापमानावर. हळवी जात वीस-पंचवीस अंशांतही गड्डा धरते. गरवी जात कडक थंडीवाचून धरीतच नाही, नुसती पाने वाढवीत बसते. हळवी जात उशिरा लावली तर झाड मोठे होण्यापूर्वीच थंडी तिला गड्डा धरावयास लावते, आणि बटण तयार होते. आपल्या राजधानीतील पुसा संस्थेच्या जाती पाहा. (ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा येथे स्थापन झाली, १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीस आली, गावाचे नाव मात्र बरोबर घेऊन आली. आपणां स्थलांतरितांस हे कळण्यासारखे आहे.) पुसा दीपालीचे रोप मेअखेर ते जूनमध्ये टाकावयाचे, पुसा शरदचे जुलैच्या अखेरीस, आणि पुसा स्नोबॉल के-१ चे सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुडीवर जातीचे नाव नसेल तर ती पुडी घेऊ नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. जून हा महिना रिकामा नाही. या उन्हाचा उपयोग करून घेता येतो. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे (कच्चे घातले तर वाळवीला आमंत्रण), माती सपाट करून भरपूर पाणी द्यावे आणि दुसऱ्या दिवशी तीवर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून कडा मातीत पुराव्यात. काळे प्लॅस्टिक नको. ऊन आत शिरले पाहिजे. ओल आवश्यक, कारण ओल्या मातीतून उष्णता खोल जाते. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातील तणांचे बी, मर रोगाची बुरशी आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी बरेचसे नष्ट होतात. लव्हाळा तेवढा बेटा वाचतो. त्याच्या गाठी खुरप्यानेच काढाव्या लागतात. प्लॅस्टिक काढल्यावर जमीन खोल खणू नये, नाहीतर खालचे तण वर येते. मी हा प्रयोग प्रथम केला तेव्हा अण्णा खिडकीतून पाहत होते. "जमिनीला घाम आणतोस का रे?" असे विचारीत ते बाहेर आले. खुरपे त्यांनी पुन्हा हाती घेतले ते त्या दिवशी.

त्यानंतर त्यांनी एक वही केली. डाव्या पानावर नक्षत्रे, उजव्या पानावर दिल्लीत प्रत्यक्ष काय घडले ते. रोपासाठी वीतभर उंच गादीवाफा, पश्चिमेच्या उन्हाला आडोसा. कूलर येण्यापूर्वी येथल्या कचेऱ्यांतून वाळ्याच्या ताट्या लावीत. तशी एक जुनी ताटी अण्णांनी कोठूनशी मिळविली. आज हिरवी जाळी मिळते. पाणी पहाटे आणि सायंकाळी झारीने. बी दाट पेरू नये, नाहीतर पहिल्या पावसात रोपे मानेत कुजून कोलमडतात. टोमॅटोचे रोप जुलै-ऑगस्टमध्ये टाकाल तर त्यावर बारीक जाळी हवीच, कारण पांढरी माशी पाने मुरडणारा रोग आणते. पुनर्लागवड नेहमी संध्याकाळी करावी.

त्यांची योजना भोगीपासून उलटी मोजण्याची होती. भोगीच्या भाजीत काय हवे? वांगी: रोप जूनमध्ये, लावणी जुलैत. पावट्याचा वेल: आर्द्रा-पुनर्वसूत बी टोकावयाचे; मात्र जुन्या जाती दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाहीत, तेव्हा वेल नुसता माजला म्हणून घाबरू नये. देशी तांबडे गाजर मघा-पूर्वात. मटार चित्रात, त्याआधी नाही. उष्ण जमिनीत तो मरतो. हरभरा आमच्या घरी भोगीपर्यंत कधीच भरला नाही, तेवढा मंडईतून. मेथी, पालक उत्तरा नक्षत्रापासून. कोथिंबिरीचे धणे फोडून, भिजवून, ओल्या फडक्यात माठाजवळ ठेवल्यास सप्टेंबरच्या उकाड्यातही उगवतात.

२००३ सालच्या भोगीला आमच्या परसातील वांगी, पावटा, गाजर आणि मटार एका पातेल्यात पडले. शेजारचे पंजाबी कुटुंब जेवावयास होते. अण्णा त्यांना हातवाऱ्यांनी आणि मोडक्या हिंदीत नक्षत्रे समजावीत होते.

अण्णा २०११ साली गेले. वही आहे. परसू मात्र राहिले नाही. २०१६ मध्ये दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीचा निर्णय झाला, आणि आमची वसाहत त्यांत होती. आता आम्ही सहाव्या मजल्यावर. सज्जात पंधरा कुंड्या आहेत. मेथी, कोथिंबीर, चार वांगी, आणि कठड्यावर पावटा. कुंडीची माती लवकर तापते, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवतो. फुलकोबीलाही एक-एक मोठी कुंडी द्यावी लागते, पण येते.

यंदाही रोहिणीत दीपालीचे रोप टाकले आहे. साठेक रोपे जगली आहेत आणि मला सहांपेक्षा अधिक नकोत. आषाढी एकादशीच्या कार्यक्रमाला येताना ज्यांना हवी असतील त्यांनी एकेक रिकामा डबा आणावा. पिशवी नको, पिशवीत मुळे दुखावतात. पावट्याचे बीही आहे, वाईचे. मूठभर घेऊन जावे.