नोंदीखालचे नाव

 वाईत कृष्णेचे घाट, १७६२चा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आपण पाहालच. आमचा खरा अभिमान मात्र विश्वकोश. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मुंबई-पुण्यात न थाटता इथे थाटला. पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव छापायचे, ही या कोशाची रीत.

हायब्रीड धोक्यांच्या परिषदेत कोशाचे काय काम, असे कुणी म्हणेल. स्वागताध्यक्षाने विषय गावाकडे ओढायचाच असतो. पण ग्रे झोनमधल्या, म्हणजे युद्ध आणि शांतता यांच्या मधल्या धूसर पट्ट्यातल्या, हल्ल्याचे बळच निनावीपणात आहे. एप्रिल २००७मध्ये एस्टोनियाने टालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवायला घेतला. पुतळा तोडल्याच्या अफवा पसरल्या, दंगल उसळली आणि पुढे काही आठवडे संसद, बँका, वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर हल्ले होत राहिले. एस्टोनियाने रशियाकडे बोट दाखवले, रशियाने कानावर हात ठेवले. युद्ध म्हणावे तर शत्रू कबूल होत नाही, गुन्हा म्हणावा तर सूत्रधार सापडत नाही. अफवा क्षणात पसरते आणि कोशाच्या खंडाला वर्षे लागतात, हा आक्षेप रास्तच. अफवेमागे धावून कोश जिंकणार नाही. पण जबाबदारीने बोलणारा कोण, हे आधीच ठाऊक असलेल्या समाजात अफवेला गिऱ्हाइके कमी मिळतात. मग खरे-खोटे सरकारनेच ठरवावे का? रुमानियात डिसेंबर २०२४मध्ये घटनात्मक न्यायालयाने परकीय ढवळाढवळीविषयीच्या गुप्तचरांच्या अहवालांनंतर अध्यक्षीय निवडणूकच रद्द केली, तेव्हा अनेक मतदारांना तो निकालच लोकशाहीवरचा घाला वाटला. आमचा विश्वकोशही सरकारी पैशावर चालतो, हे मान्य. तरी लेखकाचे नाव समोर असल्याने वाचक त्याला जाब विचारू शकतो. गुप्तचरांच्या अहवालाला कोण विचारणार?

आता क्षमायाचना. निवासव्यवस्था तीन ठिकाणी विखुरली आहे, घाटाकडच्या बोळांत मोटार शिरत नाही, ध्वनिक्षेपकाची खरखर आपण ऐकतच आहात. व्यापारी, पतसंस्था, मंगल कार्यालयाचे मालक आणि पोळ्या लाटणाऱ्या महिला मंडळाचे आभार मानावेत तेवढे थोडे. नाव जाहीर करू नका म्हणणाऱ्या एका देणगीदारांना वरचा युक्तिवाद अर्थातच लागू नाही. भोजन साडेबाराला मागच्या मांडवात आहे. कुपन विसरलेल्यांनीही संकोच न करता यावे.